ओटेवाले भाऊ

अकोल्यात घरं विकून देणारी माणसं दोन तऱ्हेची. पहिल्या तऱ्हेचा पांढऱ्या गाडीतून येतो, काच अर्धीच खाली करतो, कौलखेडपासून शिवणीपर्यंतचे भाव एका दमात सांगतो आणि काच वर घेतो. फ्रंट, रेट, टोकन, ले-आउट आणि 'पुढच्या महिन्यात हे भेटणार नाही' एवढ्या सामग्रीवर त्याचा संसार झकास चालतो. दुसऱ्या तऱ्हेचा जुन्या स्कूटरवरून येतो, तिच्यावर बसून कमी आणि तिला ढकलत जास्त. त्याला घराचा भाव विचारला की तो आधी पाणी मागतो.

ओटेवाले भाऊ या दुसऱ्या तऱ्हेचे. असा एखादा इसम प्रत्येक जुन्या पेठेत असतो. अमरावतीच्या परकोटात असेल, पुण्याच्या कसब्यातही असेल. माझ्या माहितीतला आहे तो अकोल्याचा, मोर्णा नदीच्या पश्चिमेकडच्या जुन्या शहरातला. खरं नाव छापून त्यांच्या धंद्याची उरलीसुरली वाट लावायची माझी इच्छा नाही.

ज्या घराला ओटा नाही ते घर भाऊ विकायला घेत नाहीत, म्हणून हे नाव. "ओटा नाही तं मानूस बसन कुठी? अन् मानूस दारात बसला नाही तं गल्लीले समजन कसं का अठी कोनी राह्यते?" हा त्यांचा बिनतोड सवाल. रामदासपेठ, जठारपेठेतल्या जुन्या बंगल्यांना ओटा नसतो, व्हरांडा असतो. तेवढी सवलत ते देतात. फ्लॅटच्या बाल्कनीला मात्र नाही. "बाल्कनी म्हंजे काय, तं ओटा टांगला फासावर."

साठी केव्हाच उलटली आहे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक उमटत नाही. डोक्याला दुपट्टा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पॅन्टच्या खिशात कांदा. आणि कमरेला चाब्यांचा जुडगा, जो भाऊंच्या आधी दोन सेकंद गल्लीत पोचतो. या चाब्या बंद घरांच्या. मालक पुण्यात, हैदराबादेत, कुणी थेट अमेरिकेत. 'विकून टाका' म्हणून त्यांनी चाबी भाऊंच्या हवाली केलेली. भाऊ दर आठवड्याला जाऊन ते घर उघडतात, झाडतात, तुळशीला पाणी घालतात, देवळीत दिवा लावतात आणि मालकाला फोटो पाठवतात. आता सांगा, कुठला दलाल असं करील? वर्षानुवर्षं ज्याला घराची सय आली नव्हती तो मालक रात्री फोन करतो, "भाऊ, या दिवाळीपर्यंत थांबू या का?"

भाऊ थांबतात. थांबण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

गावाचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे, पण दलालाच्या अंगानं. अकोलसिंग नावाच्या कुणा पुरुषानं इथं ससा कुत्र्याच्या मागे लागलेला पाहिला, जागेत काही तरी दम आहे हे ताडलं आणि भोवती मातीचा कोट घातला, ही आख्यायिका आपण सगळे ऐकत मोठे झालो. भाऊंच्या मते साइट पाहून झालेला हा गावातला पहिला सौदा. पुढे औरंगजेबाच्या काळात, १६९७ च्या सुमारास, वजीर असदखानाच्या नावानं असदगड उभा राहिला. ते भाऊंच्या वहीत 'मातीच्या कामाचं दगडात दुरुस्ती-काम' म्हणून जमा आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आलं. साहेबांनी कचेऱ्या आणि बंगले नदीच्या पूर्वेला, ताजनापेठेच्या अंगाला मांडले. १८६७ च्या सुमारास आगगाडीही त्याच अंगाला आली. "तवापासून या काठाले कोनी पुसत नाही," भाऊ सांगतात, आणि लगेच आवाज खाली आणून, "म्हून तं वाचलं, राजेहो." संयुक्त महाराष्ट्राच्या वाटेवर विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पुढाऱ्यांत ८ ऑगस्ट १९४७ ला जो अकोला करार झाला, त्याबद्दल त्यांचं एकच म्हणणं आहे. इसार न देता करार केला की त्याचं असंच होते.

घराच्या दोषांबद्दल भाऊ कधी खोटं बोलत नाहीत. वयाबद्दल बोलतात. कुठल्याही वाड्याचं वय ते वीस-पंचवीस वर्षांनी वाढवून सांगतात. लोकमान्य टिळक १९०८ मध्ये शिवजयंतीच्या व्याख्यानाला अकोल्यात आले होते आणि शेगावचे गजानन महाराज त्या सभेला हजर होते, हे सर्वश्रुत आहे. पण भाऊंनी आजवर दाखवलेल्या घरांचा हिशेब केला तर त्या मुक्कामात टिळक किमान अकरा ठिकाणी जेवले. एकदा मी ही बेरीज त्यांच्यापुढे ठेवली. ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "पाहुनचाराले नाही म्हनता येत नाही नं बाप्पा. थोडं थोडं खाल्लं असन."

भाऊंकडून घर पाहणं हा एक विधी आहे. आमच्या ओळखीचे बँकेतले एक साहेब बदलून आले होते, त्यांना निवृत्तीनंतर इथंच राहायचं होतं. मी त्यांना भाऊंच्या हवाली केलं आणि मजा पाहायला बरोबर गेलो. भाऊंनी घराकडे पाहिलंच नाही. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावली आणि सुरू झाले.

"हे चक्की. ज्वारीवर गहू दयत नाही हा मानूस. सांगा लागत नाही त्याले. हे मास्तर, पेपर ह्यायच्याकडं येते, वाचते पाच घरं. दहा वाजेलोक मास्तरच्या हाती लागत नाही. अन् ह्या काकू. सगळ्या गल्लीच्या चाब्या ह्यायच्याकडं. तुमची बी एक देऊन ठेवा लागन."

"पण मी अजून घर घेतलं नाही," साहेब म्हणाले.

"चाबीचं सांगून रायलो."

काकूंच्या ओट्यावर चहा आला. पाहता पाहता सहासात माणसं जमली आणि साहेबांची मुलाखत सुरू झाली. गाव कोणतं, मुलं किती, सून नोकरी करते का, गुडघे दुखतात का. काकूंनी विचारलं, "तुमच्या घरी कुरड्या करते का विकतच्या?" विकतच्या, असं कळल्यावर ओट्यावर थोडी शांतता पसरली. मग काकू मोठ्या मनानं म्हणाल्या, "शिकवून घेऊ."

साहेबांनी धीर करून एक प्रश्न टाकला. "पार्किंग?"

"हाय नं. गाडी जयहिंद चौकाकडं लावा, तठून पायी या. पाच मिनिटाचा रस्ता हाय, वीस मिनिट लागते."

"वीस काऊन?" साहेबही तोवर वऱ्हाडीवर आले होते.

"लोक बोलते नं रस्त्यानं."

घर अजून कुलपातच होतं. ते उघडायच्या आधी भाऊंनी साहेबांना घराचा सगळ्यांत मोठा फायदा सांगितला. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावड दारावरून जाते. अकोल्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आदल्या रात्री गावोगावची, पेठापेठांची मंडळं गांधीग्रामला पूर्णेवर जातात, पाण्याची भरणी कावडीला लावतात आणि खांद्यावरून, अनवाणी, राजराजेश्वराच्या देवळापर्यंत आणतात. त्या दिवशी अख्खं गाव रस्त्यावर असतं. अशा घरात त्या सोमवारी किती माणसं असतात, हे भाऊंनी साहेबांना आधीच सांगून ठेवलं. "तुमच्या ओयखीचे पन येतीन, बिनओयखीचे पन. पान्याचे माठ चार लागते. दोन माह्याकडं हाय." साहेबांना क्लब हाउस आणि जिम असलेल्या स्कीमची चकचकीत पुस्तिका घरी आलेली होती. तिच्यात माठाचा उल्लेख नव्हता.

मग एकदाचं कुलूप निघालं. आणि इथं, कबूल केलं पाहिजे, गंमत थांबते आणि मी गप्प बसून पाहू लागतो. भाऊ चप्पल बाहेर काढतात. दुपारच्या उन्हातून आलेला तळहात भिंतीवर टेकवतात आणि तसाच ठेवतात. दीड-दोन हात रुंदीची मातीची भिंत, बाहेर ४५ अंश असताना आतून गार लागते. मग खांबावर बोटाची पेरं वाजवत वरून खाली येतात. सागाचा खांब खणखणीत बोलतो. उथळ्याजवळ, जिथं दगड आणि लाकूड भेटतात, तिथं वाळवी लागली असेल तर आवाज बसका येतो. तिथं भाऊ थांबतात, पुन्हा वाजवतात, नखानं जरा टोकरतात आणि ग्राहकाला बोलावून दाखवतात. वर कडीपाटाकडे पाहून खण मोजतात. ग्राहक स्क्वेअर फुटांत विचारतो, भाऊ खणांत उत्तर देतात, दोघांचंही समाधान होत नाही. शेवटी विहीर. पोहरा सोडून पाणी काढायचं, ओंजळीत घ्यायचं आणि चव बघायची. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाण्यातून पसरला आहे. इथं 'विहीर आहे' या वाक्याला काही अर्थ नाही, 'विहीर गोड आहे' याला आहे. नळाला रोज पाणी येईल या भरवशावर अकोल्यात कुणी घर घेत नाही.

चव झाली की दोष. ते भाऊ न विचारता सांगतात. "पावसायात अठी टपकते. न्हानीतलं पानी लवकर जात नाही. संडास मांगं हाय, रात्री बॅटरी घेऊन जा लागते. इच्चू निंघते, पन इतक्यात नाही निंघाला. अन् २०२१ च्या पुराचं म्हनान तं," म्हणत ते खांबावरची पेन्सिलची रेघ दाखवतात, "अठीलोक." २०२१ च्या जुलैत मोर्णा फुगली तेव्हा भाऊ पाणी ओसरताच घरोघर जाऊन अशा रेघा मारून आले होते. पांढऱ्या गाडीवाल्यानंही त्या सुमाराला बऱ्याच घरांना रंग दिला, असं ऐकतो.

साहेबांनी ते घर घेतलं नाही. त्यांच्या सौभाग्यवतींना संडासाचं आणि विंचवाचं पटलं नाही. त्यांची बाजू मला पूर्ण मान्य आहे. जुन्या घरांवर कविता करणारे बहुतेक पुरुष असतात. शेणानं सारवायला, धाब्यावर पावसाळ्यापूर्वी पांढरी माती चढवायला आणि अंधाऱ्या माजघरात चुलीशी डोळे चोळायला ज्या होत्या, त्यांनी फ्लॅटची चावी हातात पडताच मागे वळून पाहिलं नाही. भाऊंना हे सांगितलं की ते मान्य करतात. "बरोबर हाय," म्हणतात, आणि पुढच्या वाक्यात देवळीवर येतात.

आणखी एक गोष्ट या गल्ल्यांची. ओट्यावर 'गाव कोणतं' हा प्रश्न विचारला जातो तो गावासाठी नसतो. गावावरून आडनावावर, आडनावावरून पुढे. कित्येक घरमालक भाऊंना दबल्या आवाजात सांगतात, "फक्त आपल्यातलेच आना." भाऊ मान हलवतात, वाद घालत नाहीत. तसा त्यांचा स्वभावच नाही. पण त्या दिवसापासून ते घर त्यांच्या वहीतून कटतं. पुढं कुणी विचारलं तर सांगतात, "त्या घराले ओल हाय." त्या घराला कधी ओल नसते. दोष सांगताना भाऊ खोटं बोलत नाहीत असं मी वर लिहिलं आहे, त्याला हा एवढा अपवाद समजावा.

त्यांची वही एकदा चाळायला मिळाली. नोंदी अशा: 'चिंच १. विहीर गोड. शेजारीण बोलकी, दुपारी २ ते ४ सोडून.' 'माडी उत्तम. जिना पडेल.' 'दोघे भाऊ अबोला. भिंत घालतील. घाई करू नये.' किमतीचा रकाना होता, त्यात बहुतेक ठिकाणी पूज्य. एकदा त्यांनी छोट्या जाहिरातींत जाहिरात दिली. ती मजकूर मोजून पैसे घेणाऱ्यांच्या इतिहासात नोंदली गेली असावी: 'जुने शहरात, राजराजेश्वराची पहाटेची घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर, बारा खणी, समोर ओटा, मागे परस, शेजार सज्जन. घाई असलेल्यांनी येऊ नये.' कुणी आलं नाही. दलालीतून जाहिरातीचा खर्च निघाला का, असं विचारल्यावर वहिनी हसल्या. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या पगारावर घर चाललं, भाऊंच्या धंद्यावर चहा.

नव्या वस्त्यांचं नाव काढलं की मात्र भाऊ चिडतात, आणि त्यांच्या चिडण्याला शास्त्र आहे. वऱ्हाडात गावाची पांढरी वेगळी आणि शेताची काळी वेगळी. बापजादे काळीत पेरायचे आणि पांढरीत राहायचे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भेगा अशा पडतात की हात आत जावा. तिच्यावर उथळ पाया घातला की मातीबरोबर घरही वरखाली होतं आणि दोन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर निघते. खाली मुरमापर्यंत जायचं तर खर्च. शहराच्या चारी बाजूंना कापसाच्या वावरात ले-आउट पडले तेव्हापासून या चिरा बुजवणं हाच एक धंदा होऊन बसला आहे. "कायी माती कापसाची माय हाय," भाऊ म्हणतात, "घराची सावत्र." आणि मग वस्तीचं नाव विचारतात. उत्तर गजानन नगर असेल, तर "कोनतं?" असं पुन्हा विचारावं लागतं.

बिल्डर लोकांना भाऊ आवडत नाहीत, असं मात्र समजू नका. उलट. कारण जुन्या जागेचा कागद सोडवावा तो भाऊंनीच. नझूलची जमीन आहे का, आखीव पत्रिकेवर कोण, हक्कसोड कुणी दिलं, कुणाचं राहिलं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. महारेरानं २०२३ पासून नोंदणीकृत प्रकल्प विकणाऱ्या दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षा लावली, तेव्हा पुतण्यानं त्यांना फॉर्म आणून दिला. भाऊंनी अभ्यासक्रम वाचला. "याच्यात वारसाचं काईच नाही," म्हणून फॉर्म परत केला. जुन्या घराच्या सौद्याला तसा तो लागणारही नव्हता.

वारसांवरून आठवलं. भाऊंच्या कारकिर्दीतला सगळ्यांत मोठा सौदा मी जवळून पाहिला आहे. जुन्या शहरातला एक वाडा, दिंडी दरवाजा, आत चौक, मागे मोठं परस. कागदावर अजून पणजोबाच. त्या आखीव पत्रिकेनुसार त्या घराण्यात कैक वर्षं कुणी मेलेलंच नव्हतं. प्रत्यक्षात वारस चौदा. इंदूर, नागपूर, पिंपरी, एक आखातात, आणि परतवाड्याला एक आत्या, जिला कुणी काही विचारायचं असतं हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं. भाऊंनी सगळे शोधले. यात वर्ष गेलं. बिल्डरचा भाव उत्तम होता. दोन टक्के दलाली म्हणजे भाऊंच्या उरलेल्या आयुष्याचा चहा. जानेवारीतला एक रविवार ठरला, सगळ्यांनी वाड्यावर जमायचं, इसारपत्रावर सह्या करायच्या.

इथं भाऊंनी घोळ घातला. उपाशीपोटी सह्या कशा करायच्या, म्हणून त्यांनी परसात रोडग्यांचा बेत ठेवला. सकाळपासून गोवऱ्यांचा जगरा पेटला. वांग्याची भाजी, वरण, रोडगे, तूप. वीस वर्षांचा अबोला असलेले दोन चुलतभाऊ एकाच जगऱ्यावर वाकले, आणि एकजण म्हणाला, "पेव अठीच कुठी होतं." दुसरा म्हणाला, "अठी नाही, तठी. कडुनिंबाखाली." झालं. अबोला सुटला तो भांडणानं. कुदळ आली. धान्य साठवायची जमिनीतली ती जुनी पेवं आता कुणाला सापडणार? पण चौदा कायदेशीर वारस, बायका-मुलं धरून पस्तीसचाळीस माणसं, परस खणायला भिडली. बिल्डर हातात चेकबुक घेऊन बघत होता. भाऊंनी त्याच्या पानात दुसरा रोडगा वाढला.

पेव सापडलं. कडुनिंबाखाली नव्हे, तिसऱ्याच ठिकाणी. आत काही नव्हतं, कुबट वास आणि एक चेपलेला पितळी लोटा. परतवाड्याच्या आत्यानं तोंडावरच्या दगडी फरशीवर हात फिरवला, तिच्यावर बसकण मारली आणि म्हणाली, "माह्या लग्नाले ज्वारी यातूनच काढली होती. मी सही करत नाही."

समजावून झालं. रडून झालं. संध्याकाळी बिल्डर उठला, जेवण चांगलं होतं म्हणाला आणि गेला. वर्षभराची मेहनत मातीत गेलेले भाऊ मात्र उष्ट्या पत्रावळी गोळा करत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला त्यांची भीती वाटली.

पुढचं थोडक्यात. दोन वर्षांनी आत्या वारली. उरलेल्यांनी वाडा पांढऱ्या गाडीवाल्याकडून विकला, दहा मिनिटांत. आता तिथं चार मजली इमारत आहे आणि तिच्या नावात 'वाडा' आहे. पेवाच्या जागी पाण्याची टाकी बसली. खोदाई थोडी वाचली, असं बिल्डर सांगतो.

वाडा पाडायला लागले तेव्हा भाऊ तीन दिवस समोरच्या ओट्यावर बसून होते. मेळघाटचं सागवान, नक्षीचे खांब कुठल्याशा रिसॉर्टला गेले. दिंडी दरवाजा मात्र भाऊंनी ठेकेदाराकडून विकत घेतला, हातगाडीवर घालून घरी आणला. ही त्यांची जुनी खोड. पाडलेल्या प्रत्येक घराचा एक तरी दरवाजा ते आणतात. त्यांच्या ओसरीत, माजघरात, अंगणात भिंतींना टेकून दरवाजेच दरवाजे उभे आहेत. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या तेलपाणी करून ठेवलेल्या. पाहुणा पहिल्यांदा आला की संडास शोधताना हमखास भिंत उघडायला जातो. "आमच्या घरी एकोनीस दरवाजे अन् मानसं तीन," वहिनी म्हणतात, "अन् जो कामाचा हाय थोच लागत नाही."

हे भाऊंचं घरही वडिलोपार्जित, सामायिक. अख्ख्या गावाचे वारस जमवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घराची वाटणी अजून झालेली नाही. पुण्याचा चुलतभाऊ दर दिवाळीला येतो, विकून मोकळे होऊ म्हणतो. भाऊ कागद काढतात, चष्मा लावतात, वाचतात, आणि दर वर्षी एक सही कमी भरते. एका वर्षी नागपूरच्या मावसबहिणीची, एका वर्षी तिच्या दिराची, ज्याचा या घराशी काय संबंध ते फक्त भाऊंना समजावून सांगता येतं. चुलतभावाला आता संशय येऊ लागला आहे. मला तर खात्रीच आहे. वारसांच्या गुंत्याचं ज्ञान त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामी फुकट घालवलं. स्वतःसाठी त्याचा एवढा एकच उपयोग केला आणि तो अजून तरी फळाला आलेला आहे.

तेव्हा, अकोल्यात कुणाला जुनं घर घ्यायचं असेल तर ओटेवाल्या भाऊंकडे जरूर जावं. जयहिंद चौकात कुणालाही विचारा, पत्ता सांगतील, बसवूनही घेतील. सकाळी दहाच्या आत जाऊ नका, ते मास्तरांकडे पेपर वाचत असतात. घरातल्या बाईमाणसाला बरोबर न्या आणि संडास आधी पाहा. सौदा झालाच, तर दलाली आपण होऊन द्या. ते मागणार नाहीत. वहिनींच्या हातात द्या. भाऊंच्या हातात दिली तर विसावा दरवाजा येईल.